मळ्याचे पंचांग आणि गावाची बैठक

मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागते. आंबा उतरलेला असतो, काजूबी बाजारात गेलेली असते, पडवीत पावसाळी जळण रचून झालेले असते आणि तरीही आकाश कोरडे असते. या मधल्या आठ-दहा दिवसांत दक्षिण कोकणात वाडीवाडीवर माणसे एकत्र बसतात. या बैठकीला कोणी निमंत्रण धाडीत नाही, तिचे इतिवृत्त लिहिले जात नाही आणि तिला अध्यक्षही नसतो. देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या घराच्या खळ्यात माणसे जमतात आणि गोष्टी निघतात त्या अशा : कोणाच्या जोताचा एक बैल थकला, कोणाची मेर गेल्या पावसात फुटली, कोणाच्या बियाण्याला चांगला मोड आला, मुंबईहून यंदा कोण येणार आणि कोण येणार नाही. परक्या माणसाला या निव्वळ गप्पा वाटतील. मळ्याचे पुढील पाच महिने मात्र याच गप्पांवर चालतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या खारेपाटणच्या परिसरातील भातशेतीचे वर्ष अशा लहानमोठ्या एकत्र येण्यांनी बांधलेले आहे. पेरणीपूर्वीची बैठक, लावणीची सावड, गणेशचतुर्थी, नव्याची पौर्णिमा, थंडीतील बंधाऱ्याचे श्रमदान, जत्रा आणि शिमगा हे त्याचे टप्पे होत. यांपैकी काही प्रसंग धर्माचे, काही कामाचे आणि काही दोन्हींचे आहेत. परंतु गेल्या चार-पाच दशकांत माणसे जमण्याचे दिवस आणि शेताला माणसे लागण्याचे दिवस यांची फारकत होत गेली आहे. कोकणात पड राहिलेल्या कुणग्यांची जी चर्चा होते, तिच्या मुळाशी जी कारणे आहेत त्यांत ही फारकत महत्त्वाची आहे.

नदीकाठचे जुने गाव

खारेपाटण हे कणकवली तालुक्यातील गाव. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून मुंबई-गोवा महामार्गाने राजापूर ओलांडून येणाऱ्या प्रवाशाला या जिल्ह्याचे दर्शन प्रथम येथे घडते. गावाजवळून वाहणारी शुक नदी पुढे विजयदुर्गच्या खाडीला मिळते. खाडीच्या मुखापासून हे ठिकाण सुमारे ४० किलोमीटर आत आहे. तरीही भरतीच्या पाण्याबरोबर लहान गलबते एकेकाळी येथवर येत आणि घाटावरील माल येथून समुद्राकडे जात असे. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचे महत्त्व ओसरले.

या गावाचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे, ते येथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे. दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० मधील, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. त्यात मंदिराच्या पूजेअर्चेसाठी आणि तेथील तपस्व्यांच्या अन्नवस्त्रासाठी तीन गावे दान दिल्याचा, तसेच परदेशाहून येणाऱ्या गलबतांवरील सुवर्ण गद्याणाच्या कराचा उल्लेख आहे. हा लेख प्रथम प्रसिद्ध करणारे बाळशास्त्री जांभेकर हे याच मुलखातील, देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. मराठी वृत्तपत्राच्या जनकाने आपल्या शेजारगावचा हजार वर्षांपूर्वीचा दानलेख वाचून काढावा, हा योग मोठा मनोज्ञ होय. या दानाची तिथी ज्येष्ठी पौर्णिमेची आहे. भातशेतीच्या मुलखात हे दिवस पेरणीच्या तोंडचे असतात.

नदीने गावाला बंदर दिले, तसा गाळही दिला आणि पूरही. शुक नदीचे पाणी चढले की ते खारेपाटणच्या बाजारपेठेत शिरते, ही वार्ता पावसाळ्यातील वृत्तपत्रांत वरचेवर येते. बाजारात पाणी आल्याची वार्ता होते; त्याच वेळी काठावरचे भात पाण्याखाली असते, त्याची वार्ता क्वचितच होते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. अशा मुलखात पाणी कमी पडण्याची भीती जेवढी, तेवढीच ते नको त्या वेळी साचण्याची असते.

एकट्याने न होणारी शेती

कोकणातील भाताच्या मळ्याची रचना ध्यानात घेतल्यावाचून गावबैठकीचे महत्त्व कळणार नाही. डोंगराच्या पायथ्यापासून नदीपर्यंत कुणगे पायऱ्यांसारखे उतरत जातात. प्रत्येकाला मातीची मेर असते. वरच्या कुणग्यातील जादा पाणी मेरेच्या तोंडातून खालच्या कुणग्यात येते, तेथून आणखी खाली. स्वतंत्र पाट फार थोड्यांच्या वाट्याला असतो. वरच्याने तोंड वेळेवर उघडले नाही तर खालच्याची चिखलणी खोळंबते. अवेळी उघडले तर खालच्याने नुकतेच घातलेले खत वाहून जाते. वरच्याने शेत पडच टाकले तर दोन-तीन पावसांत मेर ढासळते आणि माती खालच्या उभ्या पिकात येऊन बसते.

पिकाच्या राखणीचेही तेच आहे. सगळा मळा एकाच सुमारास पिकला तर उंदीर, पाखरे आणि रानडुकरे यांचा उपद्रव सर्वांत विभागला जातो. एखाद्यानेच पेरले, किंवा इतरांच्या आधी महिनाभर तयार होणारे वाण लावले, तर आसपासच्या रानाचा सारा भार त्या एका शेतावर पडतो. माकडे व रानडुकरे यांच्या त्रासाला कंटाळून शेती सोडल्याचे सिंधुदुर्गात अनेक जण सांगतात. त्या सांगण्यात तथ्य आहे. मात्र उपद्रवामुळे शेते पड राहतात आणि शेते पड राहिल्यामुळे उपद्रव उरलेल्यांवर एकवटतो, असे हे दुहेरी चक्र आहे.

भात कापल्यावर जनावरे मोकळी सोडण्याची प्रथा आहे. तेव्हा कोणाला कुळीथ किंवा भाजी करावयाची असेल, तर इतरांनी गुरे बांधण्याचे मान्य करावे लागते. येथे शेताचा मालक एक असला तरी शेतीचे निर्णय एकट्याचे नसतात. रोहिणीतील बैठक होते ती यासाठी.

मिठाच्या पाण्याची परीक्षा

या बैठकीत पूर्वी बियाण्याच्या मुड्यांची चर्चा होई. गवताच्या पेंढ्यांत बांधून ठेवलेली बियाण्याची मुडी हे घरचे धन समजले जाई आणि बियाणे बदलून घेणे हा शेजारधर्म होता. दापोली येथे १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि रत्नागिरीजवळील शिरगाव, कर्जत व पनवेल येथील संशोधन केंद्रांतून सुधारित जाती पुढे आल्या. आता चर्चा वाणांच्या नावांची होते. प्रश्न जुनाच राहतो. वरकस, उताराच्या जमिनीत ११५ दिवसांच्या आत येणारे हळवे भात. मधल्या मळ्यात निमगरवे. आणि पाणी धरणाऱ्या सखल भागात १४० दिवसांच्या पुढे जाणारे गरवे, हा क्रम जमिनीनेच घालून दिलेला आहे. नदीकाठी पुराचे पाणी काही दिवस साचत असेल, तर तेथे बुडीत सहन करणारे वाण हवे. भारतात २००९ साली प्रसारित झालेले स्वर्णा-सब १ हे असे वाण असून ते सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरू शकते. खाऱ्या पाण्याचा शिरकाव होणाऱ्या खाडीकाठच्या जमिनींसाठी पनवेलच्या खारभूमी केंद्राने वेगळ्या जाती दिल्या आहेत.

वाण कोणतेही असो, बी पारखण्याची एक सोपी रीत कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावे. वर तरंगते ते पोचट. ते काढून टाकावे. तळाशी बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळवावे आणि पेरणीपूर्वी त्यास किलोमागे अडीच ग्रॅम थायरम चोळावे. यास खर्च जवळजवळ काहीच येत नाही. असे असूनही ही रीत जितकी पसरावयास हवी होती तितकी पसरली नाही, हे मान्य करावे लागेल. मेळाव्यातील व्याख्यानापेक्षा शेजारणीच्या अंगणातील घमेल्यात तरंगलेले पोचट दाणे अधिक पटतात, असा कृषी विस्ताराचा अनुभव आहे.

हंगामाच्या वार्ता येण्याचे मार्गही वाढले आहेत. १९७७ साली रत्नागिरीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम घराघरांत ऐकू येऊ लागले. पुढे हवामान खाते व कृषी विद्यापीठे यांच्या सहकार्याने आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, कृषी हवामान सल्ला प्रसृत होऊ लागला. आता तो भ्रमणध्वनीवरही येतो. अतिवृष्टीचा इशारा आल्यावर वरच्या कुणग्याचे तोंड कोणी आणि कधी उघडावयाचे, हे मात्र वाडीलाच ठरवावे लागते.

लावणीचे वीस दिवस

रोहिणीत किंवा मृगाच्या पहिल्या सरींवर टाकलेला तरवा एकवीस ते पंचवीस दिवसांत लावणीस येतो. म्हणजे जूनच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, आर्द्रेत आणि पुनर्वसूच्या ‘तरण्या’ पावसात, सगळा मळा लावून झाला पाहिजे. पुष्य, म्हणजे ‘म्हातारा’ पाऊस, लागल्यावर लावलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. तरवा शेतातच जुना झाला तर नंतर कितीही खत घातले तरी ती तूट भरून निघत नाही. वर्षभराच्या शेतीचे भवितव्य असे वीस दिवसांत ठरते, आणि याच दिवसांत सर्वाधिक हात लागतात.

पूर्वी ही गरज परस्परांच्या मदतीने भागविली जाई. महाराष्ट्रात या रीतीला कोठे सावड, कोठे इर्जिक, कोठे पैरा म्हणतात. आज एकाच्या मळ्यात सारी वाडी, उद्या दुसऱ्याच्या. पुरुष जोते धरीत आणि चिखलणी करीत. स्त्रिया डोक्यावर इरली घेऊन, ओणव्याने, गाणी म्हणत लावणी करीत. ज्याचे शेत त्याने सर्वांना जेवण घालावयाचे. पैशाचा व्यवहार नसे, पण हिशेब मात्र चोख असे. कोणाच्या घरून किती माणसे आली आणि तितकीच परत गेली की नाही, हे घरातील स्त्रिया बिनचूक सांगत. सावडीला नुसता बंधुभाव समजणे ही शहरी भाबडेपणाची खूण होय. ती श्रमाची उसनवारी होती. परतफेड न करणाऱ्या घराला पुढल्या वर्षी माणसे मिळत नसत.

ही उसनवारी मोडली ती परतफेडीला हात उरले नाहीत म्हणून. दक्षिण कोकणातील तरुण मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि घरगड्याच्या कामावर जाण्याची परंपरा शतकाहून जुनी आहे. बराच काळपर्यंत पुरुष मुंबईत आणि कुटुंब गावी अशी विभागणी असल्यामुळे लावणीला स्त्रियांचे हात मिळत आणि मनीऑर्डरीतून जोताचा खर्च निघे. पुढे कुटुंबेही मुंबईला गेली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर काही जण गावी परतले. पण त्यांची मुले शेतात टिकली नाहीत. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि गावी येणे सोपे झाले. या सोयीचा लाभ गणपतीला मिळाला, शिमग्याला मिळाला, मे महिन्याच्या सुटीला मिळाला. जुलैच्या लावणीला मात्र मिळाला नाही. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात आणि कचेरीतील रजा चतुर्थीसाठी राखून ठेवलेली असते.

यावर काही उपाय आता रुजू लागले आहेत. लहान कुणग्यांत फिरणारा पॉवर टिलर हा बैलजोडीचा पर्याय म्हणून बऱ्याच वाड्यांत आला आहे. लावणीयंत्रासाठी प्लॅस्टिकच्या कागदावर किंवा ट्रेमध्ये चटईसारखी रोपवाटिका करावी लागते. तीतील रोप पंधरा ते अठरा दिवसांतच लावणीस येते. हे यंत्र एका घराच्या पाच-दहा गुंठ्यांसाठी परवडत नाही. लगतचे कुणगे एकाच दिवशी चिखलून तयार असतील तरच ते सलग चालते. यंत्र आले की सावडीची गरज संपेल, असे अनेकांना वाटले होते. आता यंत्रासाठीच वाडीला एकत्र बसून दिवस ठरवावे लागतात.

डॉ. नारायण सावंत यांनी प्रचारात आणलेली भाताची चारसूत्री पद्धतीही समूहानेच चांगली साधते. पहिले सूत्र भाताचे तूस-पेंढा यांचा राख व खत म्हणून फेरवापर. दुसरे, मेरेवर लावलेल्या गिरिपुष्पाचा पाला, गुंठ्याला सुमारे ३० किलो, चिखलणीपूर्वी आठवडाभर आधी शेतात पसरणे. तिसरे, दोरीच्या साहाय्याने २५ व १५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर नियंत्रित लावणी. आणि चौथे, चार चुडांच्या मध्यावर युरिया-डीएपीची २.७ ग्रॅम वजनाची गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोवणे. गोळी मातीत खोल असल्याने खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. धो धो पावसाच्या आणि मेरेवरून पाणी उतरणाऱ्या या मुलखात याचे मोल वेगळे सांगावयास नको. परंतु दोरी धरण्यास दोन माणसे, लावण्यास चार-सहा आणि गोळ्या खोवण्यास आणखी दोन लागतात. एकट्या वृद्ध दाम्पत्याने हे कसे करावे?

लावणीच्या दिवसांतील आणखी एक वार्ता वाडीपर्यंत वेळेवर पोहोचणे जीवनमरणाचे ठरते. चिखलात व साचलेल्या पाण्यात अनवाणी काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायावरील जखमेतून शरीरात रोग नेते. सिंधुदुर्गात पावसाळ्यात या रोगाचे रुग्ण आढळत आले आहेत. आरोग्य यंत्रणा जोखमीच्या भागांत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देते. त्या वैद्यकीय सल्ल्यानुसार घ्यावयाच्या असतात. ताप, स्नायूंत तीव्र वेदना, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. ‘भिजल्याचा ताप’ म्हणून दोन दिवस घरी काढणे प्राणावर बेतते.

चतुर्थी आणि नवे

भाद्रपदात गाव भरते. वर्षभर कुलूप असलेली घरे उघडतात, ओसऱ्या सारवल्या जातात. गणपतीच्या वर बांधलेली माटवी ही एक प्रकारे त्या वर्षाच्या मळ्याची आणि रानाची नोंदच असते. नारळ, सुपारी, काकडी, दोडकी यांबरोबर रानातील फळे-फुले तिला टांगतात. कोणती वस्तू यंदा मिळाली नाही, हे माटवीकडे पाहून घरातील जाणते माणूस ओळखते. मुंबईत वाढलेल्या मुलांना त्यांतील निम्मी नावे ठाऊक नसतात. ती या पाच-सात दिवसांत कानावर पडतात.

या सुमारास भात पोटरीत येऊ लागलेले असते. निळे भुंगेरे, खोडकिडा आणि उंदीर यांवर लक्ष ठेवण्याचा हा काळ. उंदरांसाठी एकट्याने आमिष ठेवल्यास ते शेजारच्या बिळांत जातात आणि परततात. सगळ्या मळ्याने एकाच दिवशी बंदोबस्त केला तर त्याचा उपयोग होतो. चतुर्थीला गावात असलेली तरुण मुले एक सकाळ या कामाला देऊ शकतील. आरत्यांसाठी घरोघर फिरणाऱ्या मंडळींना हे अवघड नाही.

आश्विनी पौर्णिमा ही कोकणात नव्याची पौर्णिमा. भाताच्या नव्या लोंब्या, आंब्याची पाने, झेंडूची फुले यांची जुडी करून ती दाराला, देव्हाऱ्याला, कणगीला, नांगराला बांधतात. नव्या तांदळाचा नैवेद्य होतो. कापणीचाही हाच हंगाम. नव्वद टक्के दाणे पिवळे पडले की कापावे, अधिक वाट पाहिल्यास दाणा झडतो. विद्यापीठाने तयार केलेला ‘वैभव’ विळा जमिनीलगत कापतो. त्यामुळे पेंढा अधिक मिळतो आणि धसकटांत दडणारा खोडकिडा पुढील हंगामात कमी होतो.

या दिवसांत हस्ताचा किंवा परतीचा पाऊस आला तर हातातोंडाशी आलेला घास जातो. ऑक्टोबर २०१९ मध्ये अरबी समुद्रातील ‘क्यार’ चक्रीवादळाच्या वेळी कोकणात कापलेले भात शेतातच भिजले आणि लोंब्यांना कोंब फुटले. त्या प्रसंगी ज्या घरात माणसे होती, त्यांना भारे वेळेवर आडोशाला नेता आले. ज्या घरात दोनच वृद्ध होते, त्यांचे भारे पाण्यात राहिले.

थंडीतील बंधारा

मळणी आटोपली की व्हाळातील पाणी ओसरू लागते. नोव्हेंबर-डिसेंबरात रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून व्हाळावर कच्चा किंवा वनराई बंधारा बांधण्याची मोहीम सिंधुदुर्गात अनेक गावांत राबविण्यात येते. एका सकाळच्या श्रमदानाचे हे काम. त्यामुळे काठावरच्या विहिरींची पातळी टिकते, गुरांना पाणी मिळते आणि जेथे पाट काढता येतो तेथे वायंगणी भात किंवा भाजीपाला होतो. बंधारा डिसेंबरच्या मध्यानंतर बांधला तर अडविण्याजोगे पाणी उरत नाही. छायाचित्रापुरता जानेवारीत बांधलेला बंधारा कोणाच्याच उपयोगी पडत नाही. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ येतो. त्याला पाणी लागत नाही, जमिनीला नत्र मिळते आणि घरात वर्षभर पिठीची सोय होते. अट एकच, गुरे बांधलेली हवीत.

याच सुमारास जत्रांचा हंगाम सुरू होतो. दशावताराची मंडळे गावोगाव फिरू लागतात. रात्री राजाचा मुकुट चढविणारे यांतील अनेक कलावंत पावसाळ्यात स्वतःच्या कुणग्यांत चिखल तुडविणारे शेतकरी असतात. पावसाळ्यात खेळ बंद राहण्याचे हेही एक कारण आहे. नाटक पाहण्यास आसपासच्या पाच-दहा गावांतील माणसे जमतात आणि पहाटेपर्यंत थांबतात. बियाणे कोणाकडे शिल्लक आहे, कोणत्या गावात टिलर भाड्याने मिळतो, पेंढ्याचा भाव काय, ही चौकशी तेथे सहज होते.

शिमग्यात घ्यावयाचे निर्णय

फाल्गुनात चाकरमानी पुन्हा येतात आणि बरेच जण मे महिन्यातही असतात. पड कुणग्यांचा प्रश्न सोडविण्यास हाच काळ योग्य आहे, कारण सात-बाराच्या उताऱ्यावर नावे असलेली माणसे या दिवसांतच एकत्र भेटतात. एका कुणग्यावर पाच भावांची, त्यांच्या मुलांची नावे असतात. त्यांपैकी एक गावात, दोघे मुंबईत, कोणी पुण्यात. गावातला कसण्यास तयार असला तरी इतरांची संमती नसते. जमीन दुसऱ्यास कसावयास देण्याबाबत मनात धास्ती असते, तीही निराधार नाही. खोती नष्ट झाल्याचा १९४९ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांची आठवण कोकणातील घराघरांत जिवंत आहे. ज्यांना त्या कायद्याने जमीन मिळाली त्यांचे वंशजही आज मुंबईत आहेत आणि आपली जमीन दुसऱ्याच्या हाती देण्यास तेही तितकेच कचरतात.

त्यामुळे काही ठिकाणी कसण्यास देण्याऐवजी मळा सामाईक करण्याचा मार्ग पसंत केला जातो. मालकांनी नांगरणी, बी आणि खत यांचा खर्च आपापल्या क्षेत्राच्या प्रमाणात उचलावयाचा. गावातील गटाने काम करावयाचे. भात आणि पेंढा ठरल्याप्रमाणे वाटून घ्यावयाचा. हे सारे होळीच्या सुमारास ठरले आणि कागदावर आले तर मे महिन्यात मेरा बांधून होतात, टिलरचे दिवस नक्की होतात, बियाणे वेळेवर येते. जूनमध्ये दूरध्वनीवरून ठरविलेली शेती बहुधा तरव्यातच राहते. ग्रामसभेच्या रूढ तारखांपैकी १ मे ही या कामास सोयीची. त्या दिवशी सर्व वाड्यांचे लोक गावात असतात. १५ ऑगस्टच्या सभेला लावणी होऊन गेलेली असते आणि २ ऑक्टोबरला कापणीची घाई असते.

रोजगार हमी योजनेशी निगडित फलोद्यान कार्यक्रम १९९० साली सुरू झाल्यापासून वरकस जमिनीत आंबा-काजू उभे राहिले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या काजूच्या कलमांनी अनेक घरांना नगद उत्पन्न मिळाले आहे. कलमाला वर्षातून थोडे दिवस लक्ष पुरते. मुंबईतील मालकाला ते जमते. सखल मळ्यातील भाताला मात्र ते पुरत नाही. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळाने बागांचे नुकसान केले, तेव्हा घरच्या भाताची कणगी भरलेली असण्याचे महत्त्व पुन्हा जाणवले.

एप्रिलमध्ये राबाच्या जागेवर कवळ आणि पातेरा पसरला जातो. भाजावळ न करताही गादीवाफ्यावर उत्तम तरवा होतो, असे कृषी विद्यापीठ सांगते आणि काही शेतकरी आता तसे करूही लागले आहेत. इतर वाड्यांत संध्याकाळी वारा पडल्यावर राब पेटतात. शेजारच्या काजूच्या बागेत ठिणगी जाऊ नये म्हणून चार माणसे हिरवे डहाळे घेऊन कडेला उभी राहतात. त्यांत सुटीवर आलेला मुंबईचा एखादा मुलगाही असतो, आणि पेरणी कधी, हा त्याचा प्रश्न ठरलेला असतो.